लाइनवर राहा

रेडिओ स्टेशनात तिला सगळे लाइनताई म्हणायचे. दर रविवारी संध्याकाळी पाच ते सात फुटबॉलचा कार्यक्रम चालायचा. लोक फोन करून आपल्या संघाबद्दल मन मोकळं करायचे आणि ते सगळे फोन आधी तिच्याकडे यायचे. "काय करता? कशाबद्दल बोलायचंय?" एवढं ती विचारायची, उत्तर ऐकून "लाइनवर राहा" म्हणायची आणि काचेपलीकडच्या निवेदकाला बोटांनी लाइनीचा नंबर दाखवायची. कार्यक्रमात नाव सांगायचं नाही, फक्त काम सांगायचं, हा नियम निवेदकाचा. सुरुवातीला एकाने दुसऱ्याच्या नावाने फोन करून गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, तेव्हापासूनचा.

ती चोपन्न वर्षांची. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारणारे नातेवाईकही आता थकले होते. घरात ती आणि आई. रेडिओत येण्याआधी अठरा वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौकशीच्या टेबलावर होती, त्यामुळे तिचे कान असे तयार झाले होते की एकदा ऐकलेला आवाज ती सहसा विसरत नसे. एकदा एका बेकरीवाल्याने लागोपाठ दुसऱ्या रविवारी नंबर लागावा म्हणून आवाज जड करून "मी दातांचा डॉक्टर" असं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "बेकरीवाले, तुमची पाळी मागच्या रविवारी झाली. पाव जळतील, जा." पलीकडून हसू आलं आणि फोन बंद झाला.

त्या वर्षी संघाची पार दैना झाली होती. चौतीस सामन्यांत सात विजय. खालच्या गटात घसरण्यापासून ते वाचले तेसुद्धा दुसरा एक संघ त्यांच्याहून वाईट खेळला म्हणून. आणि शहराला दोषी एकच माणूस सापडला होता, कोच. शांत, पन्नाशीचा, मैदानाच्या कडेला हात खिशात घालून उभा राहणारा. सामना संपल्यावर मुलाखतीत तो दर वेळी एकच वाक्य बोलायचा, "मुलांनी प्रयत्न केले." ते वाक्य कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाजलं की आठही लाइनींचे दिवे एकदम लुकलुकायला लागायचे.

टॅक्सीवाला म्हणायचा, "याला खिशातून हात काढायला सांगा आधी. हात खिशात ठेवून का कुणाचं घर चालतं?" निवृत्त पोस्टमन म्हणायचा, "कर्णधार चौतिसाचा झालाय. चेंडू त्याच्याजवळून जातो आणि मग तो वळतो, मी टपाल वाटायचो त्याच्याहून हळू." शाळेतल्या गणिताच्या बाई वही घेऊनच बसायच्या. कोणत्या मिनिटाला कोण बदली आला, कॉर्नरवर किती गोल खाल्ले, सगळं त्यांच्याकडे टिपलेलं. बेकरीवाल्याचं म्हणणं सोपं होतं. "तिघांनी बचाव होत नाही. घराला तीन भिंती बांधून चौथीकडे पडदा लावतं का कुणी?"

लाइनताई हे सगळं ऐकायची, पेन्सिलीने वहीत खुणा करायची. फुटबॉल तिला पुष्कळ कळायचा, पण ती स्वतः कधी मत देत नसे.

हंगामाच्या मध्यावर, संघ अकराव्यांदा हरला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, पाचव्या लाइनीवर एक नवा माणूस आला.

"काय करता?" तिने विचारलं.

तो म्हणाला, "कुलपं. कुलपं दुरुस्त करतो."

"कशाबद्दल बोलायचंय?"

"असं ठरवलेलं काही नाही. सहज केला होता."

तिची पेन्सिल थांबली.

तिला एक धाकटा भाऊ होता. दोन वर्षांनी लहान, छापखान्यात काम करणारा, फुटबॉलचा वेडा. चोवीस वर्षांपूर्वीच्या एका बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, त्याने तिला एक्स्चेंजमध्ये फोन केला होता. बोर्डावर दिवेच दिवे होते, मागे सुपरवायझर उभी होती. "काय रे?" ती म्हणाली होती. "काही नाही, सहज केला होता," तो म्हणाला. "घरी आल्यावर बोलू," असं म्हणून तिने लाइन तोडली. तो घरी आला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्याचे कपडे खुंटीला होते, दाढीचं सामान आरशापाशी होतं. दवाखाने झाले, पोलीस झाले, नदीकाठच्या दोन्ही अंगांना माणसं पाठवून झाली. पहिल्या रात्री आईने तिला विचारलं होतं, "तुला काही बोलला होता का गं?" आणि ती म्हणाली होती, "नाही."

का म्हणाली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सुपरवायझरची भीती असेल, लाज असेल, किंवा उद्या येईलच तो असं वाटलं असेल. पण एकदा नाही म्हणून बसल्यावर दुसऱ्या दिवशी हो कसं म्हणायचं? तिसऱ्या दिवशी तर नाहीच. असं करत चोवीस वर्षं गेली. स्टेशनात रविवारची पाळी कुणालाच नको असायची, ती हिने मागून घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं बाई कामाला वाघ आहे. तिला एवढंच वाटलं होतं की शहरात फुटबॉलवर बोलायला हजार माणसं फोन करतात; तो कुठे असेलच, तर एखाद्या रविवारी या संघाच्या खेळाचा त्यालाही संताप येईल.

हा तो नव्हता. आवाज भारी होता, वय जास्त वाटत होतं. नव्हताच. तरी तिने एकदा खात्री करून घेतल्यासारखं विचारलं, "आधी कधी फोन केला होतात?"

"नाही."

"लाइनवर राहा."

आणि कुलूपवाला बोलायला लागला. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. म्हणाला, "असं बघा. डावा बचावपटू वर जातो, तेव्हा त्याच्या मागे जागा पडते. या हंगामात खाल्लेल्या गोलांपैकी नऊ तिथून आलेत. पोराला दोष देऊ नका, त्याला वर जायला सांगितलेलं आहे. ती जागा भरायचं काम कर्णधाराचं. त्याचे पाय आता तिथवर पोचत नाहीत. तो पोचत नाही हे कोचला दिसतं. दिसत नसेल असं मला वाटत नाही."

"मग तो काही करत का नाही?" निवेदकाने विचारलं.

"तेच मला विचारायचं आहे," कुलूपवाला म्हणाला.

पुढच्या रविवारी लोक फोनवर विचारायला लागले, तो कुलूपवाला आज येणार का? तो आला. नंतरच्या रविवारीही आला. बदली खेळाडू नेहमी पंचाहत्तर मिनिटांनंतरच का येतात, कॉर्नरच्या वेळी उंच माणसं गोलच्या पहिल्या खांबापाशी का उभी करतात, थकलेल्या संघाला दुसऱ्या अर्ध्यात पुढे ढकलायचा हट्ट का? तो एकेक गोष्ट अशी उलगडून सांगायचा की बेकरीवालासुद्धा म्हणाला, "आम्ही नुसते भुंकतो, हा माणूस नाडी बघतो." गणिताच्या बाईंनी त्याचे आकडे आपल्या वहीशी ताडून पाहिले आणि एकही चुकला नाही म्हणून जाहीर केलं. त्याचं बोलणं ऐकता ऐकता लाइनताईला त्याच्या मागचा एक आवाजही ओळखीचा झाला. टिक टिक, टिक टिक. घड्याळाचा नव्हे, गाडी उभी करून वळायचा दिवा बंद करायला विसरल्यासारखा.

सहाव्या आठवड्यात तिला कळलं.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला कोचची मुलाखत नेहमीसारखी वाजत होती. मुलांनी प्रयत्न केले वगैरे. एका पत्रकाराने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा कोच जरासा चिडला. नाकाने श्वास आत घेतला आणि म्हणाला, "असं बघा." एवढंच. मग स्वतःला सावरून तो परत कागदी भाषेत शिरला. पण तेवढं तिला पुरलं. तोच श्वास, तेच 'बघा' जरा तुटलेलं. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि परत घातले. दहा मिनिटांनी पाचव्या लाइनीवर दिवा लागला.

"कुलूपवाला बोलतोय."

"हो," ती म्हणाली. "लाइनवर राहा."

तिने कुणाला सांगितलं नाही. निवेदकाला सांगितलं असतं तर त्याने उडीच मारली असती. हा माणूस आपल्याच विरुद्ध साक्ष देतोय, आणि सगळं शहर न्यायाधीश होऊन ऐकतंय, हे तिला एकटीला ठाऊक होतं. ती त्याला दर रविवारी लाइनवर घेत राहिली. कुलूपवाल्याची वाक्यं आता मैदानात फलकांवर दिसायची. 'त्याला दिसतं, तरी करत नाही' असं मोठ्या अक्षरांत लिहून दोनशे माणसं उत्तरेकडच्या गॅलरीत उभी राहिली. कोचच्या घराच्या खिडकीवर कुणीतरी दगड मारला. बाजारात त्याच्या बायकोला एका बाईने भाजी निवडता निवडता सुनावलं, "आधी नवऱ्याला डावी-उजवी शिकवा." हे सगळं आपल्या बोटांनी केलंय, असं लाइनताईला वाटायचं. पाच बोटं दाखवली की तो बोलायचा, आणि तो बोलला की दगड पडायचा.

घरी आई रेडिओ लावून बसलेली असायची. ऐंशी पार केलेली, फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसलेली. किती जण खेळतात विचारलं असतं तर म्हणाली असती, पुष्कळ. पण रविवारचा कार्यक्रम ती पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत ऐकायची आणि लेक घरात शिरली की म्हणायची, "आज माणसं कमी होती," किंवा "आज एक नवीन होता, खोकत होता." लेकीच्या कामाचं कौतुक म्हणून ऐकते, असं लाइनताईला वाटायचं.

बाराव्या रविवारी तिला राहवलं नाही. पाचवी लाइन उचलून ती म्हणाली, "साहेब."

पलीकडे फक्त टिक टिक.

"किती दिवसांपासून माहीत आहे?" त्याने विचारलं.

"सहा रविवार."

"कुणाला सांगितलंत?"

"नाही."

बाकीच्या सात लाइनी खोळंबल्या होत्या. शेवटी तिनेच विचारलं, "घेऊ का लाइनवर?"

"घ्या," तो म्हणाला.

त्यानंतरच्या बुधवारी, दुपारी, स्टेशनच्या मुख्य फोनवर त्याचा आवाज आला. बाकीच्या दिवशी हरवले-सापडले आणि दुखवट्याच्या जाहिराती घ्यायला तीच तिथे बसायची. बुधवारी फुटबॉलचा काही संबंध नव्हता.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "काही काम नव्हतं. सहज केला."

समोर एक बाई हरवलेल्या मांजराची जाहिरात लिहून उभी होती. शेजारचा दुसरा फोन वाजत होता. लाइनताईने त्या बाईला हाताने खुर्ची दाखवली, दुसऱ्या फोनचा रिसीव्हर उचलून बाजूला ठेवून दिला आणि म्हणाली, "बोला. मी ऐकतेय."

"बोलण्यासारखं काही नाही."

"मग नका बोलू. पण ठेवू नका."

असा पाऊण तास गेला. आधी तो नुसताच श्वास घेत होता. मग कर्णधाराबद्दल बोलला. पोरगा सोळा वर्षांचा असताना त्यानेच त्याला एका शाळेच्या मैदानावर पाहिलं होतं, त्यानेच घरी नेऊन जेवू घातलं होतं. दोन वर्षं तो पोरगा त्यांच्या घरातच राहिला. "दर शुक्रवारी रात्री मी त्याला वगळून अकरा जणांची यादी लिहितो," तो म्हणाला. "शनिवारी सकाळी तो येतो, बुटांच्या नाड्या बांधतो, माझ्याकडे बघतो. मी यादी फाडतो. तुमच्याकडे फोन केला की मला सगळं नीट बोलता येतं. तिथे मी कुणीच नसतो ना."

"आत्ता कुठे आहात?"

"गाडीत. घरासमोर. अर्धा तास झाला. वर जायचं होत नाही. बायको खिडकीची नवी काच बसवून घेतेय, माणूस आलाय, तो काय म्हणेल."

तेव्हा लाइनताईने, आयुष्यात पहिल्यांदा, भावाच्या फोनबद्दल दुसऱ्या माणसाला सांगितलं. एक्स्चेंज, दिवे, सुपरवायझर, 'घरी आल्यावर बोलू'. आणि जे तिने स्वतःशीही कधी नीट कबूल केलं नव्हतं तेही बोलून गेली. "शहरातल्या हजार माणसांचे आवाज माझ्या कानात आहेत, साहेब. त्याचा तेवढा राहिला नाही. काय बोलला ते आठवतं. आवाज गेला. उद्या त्याने फोन केला तर मी त्याला विचारेन, काय करता."

तो म्हणाला, "त्याने त्या दिवशी खरं काय ते सांगितलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

"माहीत नाही. घरी जा म्हटलं असतं. मी येतेच आहे, तू हो पुढे."

"बरं," तो म्हणाला. काही क्षणांनी टिक टिक थांबली. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. "जातो मी वर." मग फोन बंद झाला. लाइनताईने मांजरवाल्या बाईची जाहिरात घेतली, दोनदा तपासली आणि तरीही मांजराचा रंग चुकवला.

हंगाम संपला. शेवटच्या रविवारी निवेदकाने मोठा घाट घातला. कोचला थेट स्टुडिओत बोलावलं आणि आठवडाभर जाहिरात केली की कुलूपवाला त्याला समोरासमोर प्रश्न विचारणार. शहरात दुसरा विषय नव्हता. निवेदक लाइनताईला म्हणाला, "तो आला की सगळं सोडून त्याला घ्यायचं. आज हयगय नको." ती बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

कोच आला तो तिला वाटला होता त्याहून लहानखुरा निघाला. तपकिरी स्वेटर, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं. काचेपलीकडे बसून त्याने हेडफोन घातले आणि तिच्याकडे एकदा पाहिलं. ओळख दाखवली नाही.

पहिला तास ठीक गेला. बेकरीवाल्याने तीन भिंतींचं विचारलं. पोस्टमन कर्णधाराबद्दल इतकं बोलला की प्रश्न विचारायचाच राहिला. गणिताच्या बाई म्हणाल्या, "एकोणीस सामन्यांत तुम्ही पहिली बदली पंचाहत्तर मिनिटांनंतर केलीत. पंचाहत्तरच का?"

"कारण सत्तर मिनिटांपर्यंत मला वाटत असतं की सुधारेल," कोच म्हणाला. बाईंनी ते बहुधा लिहून घेतलं.

सव्वासहाला निवेदक म्हणाला, "आणि आता ज्याची सगळे वाट बघताहेत तो. लाइनताई, आहे का कुलूपवाला?"

आठही दिवे लुकलुकत होते. तिने एकेक उचलला. चार जणांनी "मीच कुलूपवाला" म्हणून सांगितलं. एकाने तर तो श्वासही घेऊन दाखवला, इतकं त्याचं बोलणं लोकांच्या अंगात मुरलं होतं. तिने चौघांनाही ठेवा म्हटलं. मग तिने तिच्या माइकचं बटण दाबलं. तिचं बोलणं काचेपलीकडच्या दोघांनाही ऐकू गेलं. "लाइनवर कुणी नाही."

"येईल," निवेदक म्हणाला. "आपण थांबू या."

रेडिओवर कुणी थांबत नाही. शांतता म्हणजे तिथे अपघात. पण निवेदक हट्टाला पेटला होता. सेकंदकाटा फिरत राहिला. चार, सात, दहा. लाइनताईला वाटलं, आत्ता या घटकेला शहरातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात, दुकानात, टॅक्सीत माणसं रेडिओकडे बघत बसली असतील, आणि त्या सगळ्यांना ऐकू येतोय तो एकाच माणसाचा श्वास.

अकराव्या सेकंदाला कोच बोलला.

"त्यांना काय विचारायचं आहे ते मला पाठ आहे," तो म्हणाला. "डावीकडची जागा. ती मला पहिल्या सामन्यापासून दिसत होती. कर्णधार तिथे पोचत नाही, हेही दिसत होतं. त्याला बसवलं असतं तर निम्मे गोल वाचले असते. कुलूपवाल्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर होतं. मला कळत नव्हतं असं नाही. मला जमलं नाही."

लाइनताईने घाईघाईने तीन बोटं दाखवली. तिसऱ्या लाइनीवर टॅक्सीवाला होता.

"मी शिव्या द्यायला फोन केला होता," टॅक्सीवाला म्हणाला. "आता राहू दे." मग म्हणाला, "पण तुम्ही जा, साहेब. तुम्हाला इथे त्रास होतोय."

"हो," कोच म्हणाला.

कार्यक्रम संपल्यावर तो बोळातून बाहेर जाताना तिच्या दारापाशी उभा राहिला. निवेदक कुणाशी तरी फोनवर आनंदाने ओरडत होता.

"लाइनवर कुणी नाही म्हणालात," कोच हळूच म्हणाला.

"नव्हतंच कुणी."

त्याने मान हलवली. "बायकोला सांगितलं मी. कुलूपवाल्याचं. आधी हसली, मग बराच वेळ रडली." मग त्याने विचारलं, "तुम्ही घरी सांगितलंत?"

"नाही."

"सांगा," तो म्हणाला आणि निघून गेला. मंगळवारी क्लबने त्याला मोकळं केल्याची बातमी तिनेच फोनवर उतरवून घेतली. कर्णधाराने त्याच आठवड्यात बूट कायमचे खुंटीला टांगले.

तिला सांगायला आणखी नऊ दिवस लागले. आई जेवून उठली होती, ताटं अजून समोरच होती. लाइनताई म्हणाली, "आई, त्या दिवशी त्याचा फोन आला होता मला. एक्स्चेंजमध्ये."

कुठल्या दिवशी, कुणाचा, हे आईने विचारलं नाही. ती परत खाली बसली.

"काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला. सहज केला होता म्हणाला. मी म्हटलं घरी आल्यावर बोलू." मग तिने वाट पाहिली. चोवीस वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते आता येणार होतं.

"किती वाजता?" आई म्हणाली.

"अकरा असतील."

"अकरा," आई म्हणाली. ती उष्ट्या बोटांनी ताटात काहीतरी हिशोब केल्यासारखं करत होती. "सकाळी आठला मी त्याला बोलले होते. फार लागेल असं बोलले. आपला पगार उडवतोस, बहिणीच्या जिवावर जगतोस, वर हा रेडिओ कानाला लावून बसतोस, तोंड दाखवू नकोस म्हटलं. तो काही न बोलता निघून गेला. तू अंघोळीला गेली होतीस." तिचा आवाज तसाच होता, कापला नाही. "मला वाटत आलं की तो रागाने गेला. माझं ऐकून गेला. मी कशाला ऐकते तो रविवारचा धिंगाणा? एकदा आवाज आला असता तर मला कळलं असतं, राग आहे की गेला."

लाइनताईने तिच्या पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं.

"अकराला त्याने तुला फोन केला," आई म्हणाली. "सहज म्हणाला. म्हणजे राग नव्हता तेव्हा. हो ना? राग असता तर सहज कसं म्हणाला असता?"

"नव्हता," लाइनताई म्हणाली. "राग नव्हता."

"हे तू मला आधी सांगायचं होतंस गं," आई म्हणाली. एवढंच. पण ते लाइनताईला त्या सगळ्या शिव्यांहून जास्त लागलं, ज्यांची तिने इतकी वर्षं वाट पाहिली होती. एका 'हो'ने जे आईच्या छातीवरून उतरलं असतं, ते तिने आपल्या भीतीपायी चोवीस वर्षं तसंच ठेवलं होतं.

आई त्या रात्री झोपली. लाइनताई जागी राहिली. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी आई म्हणायची, "परत सांग," आणि लेक परत सांगायची. बोर्डावर दिवे होते, सुपरवायझर मागे होती, तो म्हणाला काही नाही. आई मध्येच विचारायची, मागे काही आवाज येत होता का? रस्त्याचा? माणसांचा? लाइनताई खरं तेच सांगायची, आठवत नाही. एकदा मात्र ती म्हणून गेली की छापखान्याची यंत्रं ऐकू येत होती. आईला ते इतकं बरं वाटलं की पुढे ती यंत्रंही त्या गोष्टीत राहिली.

नवा हंगाम सुरू झाला. नव्या कोचने चौघांचा बचाव लावला, डावी बाजू बंद केली आणि पहिले तीन सामने एकही गोल न करता घालवले. चौथ्या रविवारी बेकरीवाल्याचा फोन आला. "निदान तो आधीचा पुढे तरी जात होता," तो म्हणाला. "हा माणूस खिशात हात घालत नाही, पण हातात आहे काय?" लाइनताईने त्याला दुसऱ्या लाइनीवर ठेवलं, निवेदकाला दोन बोटं दाखवली आणि पुढचा फोन उचलून विचारलं, काय करता, कशाबद्दल बोलायचंय.